आपल्या जमिनीवरील वन्यजीव : छायाचित्र आणि ओळख

मित्रहो, पाहुणा म्हणून रानात जाणाऱ्या छायाचित्रकाराला एखादी जागा काही तास मिळते. कुटुंबाची जमीन असलेल्याला तीच जागा वर्षानुवर्षे मिळते. माझ्या मते वन्यजीवांच्या नोंदीसाठी हे भाग्य कोणत्याही महागड्या लेन्सहून मोलाचे आहे. मात्र त्याचा उपयोग व्हायचा असेल, तर छायाचित्राकडे आधी पुरावा म्हणून पाहावे आणि देखणेपणाचा विचार त्यानंतर करावा.

फुलपाखराचे पंख उघडलेले असताना घेतलेले छायाचित्र सुंदर दिसते. पण कित्येक जातींमधला फरक मिटलेल्या पंखांच्या खालच्या बाजूवरील ठिपक्यांत आणि रेषांत असतो. कोळ्याच्या बाबतीत डोळ्यांची मांडणी त्याच्या कुळाकडे बोट दाखवते, म्हणून त्याचा समोरून घेतलेला फोटो हवाच. भूछत्राची केवळ टोपी टिपून भागत नाही; टोपीखालच्या पट्ट्या, देठाचा तळ आणि ते ज्यावर उगवले आहे ती माती किंवा लाकूड हेही दिसले पाहिजे. प्राण्याच्या पाऊलखुणेशेजारी मोजपट्टी ठेवावी, कॅमेरा थेट वरून धरावा आणि एका ठशावर न थांबता चालीची पूर्ण ओळ टिपावी. मार्जार कुळातील बहुतेक प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात, तर श्वान कुळातील प्राण्यांच्या ठशात ती सहसा उमटतात. पण चिखल निसरडा असेल तर मांजराचीही नखे उमटू शकतात, म्हणून तळव्याचा आकारही पाहावा.

रात्रीच्या प्राण्यांसाठी आज कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा, सहज वापरता येतो. अमेरिकन छायाचित्रकार जॉर्ज शिरास यांनी टिपलेली रात्रीच्या प्राण्यांची छायाचित्रे १९०६ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकात प्रसिद्ध झाली, त्यांपैकी काही छायाचित्रे प्राण्याने स्वतःच तार ओढल्यामुळे निघाली होती. आता तारेचे काम संवेदक करतो. भोवतालच्या परिसराहून वेगळ्या तापमानाचे काही समोरून हलले की तो कॅमेऱ्याला चालना देतो. त्यामुळेच उन्हाने तापलेले गवत वाऱ्याने डोलले तरी शेकडो रिकामे फोटो निघतात. कॅमेऱ्यासमोरचे थोडेसे गवत बाजूला करावे, उगवता किंवा मावळता सूर्य थेट लेन्समध्ये येणार नाही अशी दिशा निवडावी, आणि घड्याळ बरोबर लावले आहे ना हे दर वेळी तपासावे. वेळ चुकली तर त्या नोंदीचे निम्मे मोल जाते. रात्री असा कॅमेरा बहुधा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या (इन्फ्रारेड), प्रकाशात चित्र घेतो आणि त्यात रंग नसतो. तेथे शेपटीची लांबी, कानांचा आकार आणि पाठीचा उतार यांवरून ओळख करावी लागते. अशा कॅमेऱ्यात माणसेही टिपली जातात, म्हणून जमिनीवर काम करणाऱ्यांना आणि शेजाऱ्यांना तो कोठे बसवला आहे हे आधी सांगणे आपले कर्तव्य आहे.

ओळख पटवताना जेवढे निश्चित दिसते तेवढेच लिहावे, याबाबत मी आग्रही आहे. अनेक कीटकांची जात सूक्ष्मदर्शकाखाली अवयव तपासल्याशिवाय ठरत नाही. अशा वेळी फक्त कुळ लिहिलेली नोंद प्रामाणिक असते आणि पुढे उपयोगीही पडते. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘आयनॅचरलिस्ट’ या सजीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर संगणक नाव सुचवतो, पण ती केवळ सूचना असते, इतर जाणकारांची सहमती आणि आपण स्वतः लक्षणांशी घातलेला मेळ यांशिवाय ते नाव स्वीकारू नये.

संकटग्रस्त जातींचे नेमके ठिकाण हे संकेतस्थळ आपोआप झाकते. इतर नोंदींसाठी तो पर्याय आपण निवडू शकतो. घरट्याचे किंवा बिळाचे छायाचित्र इतरत्र पाठवताना फाइलमध्ये दडलेले स्थान आधी काढून टाकावे. घरट्यासमोरची फांदी तर कधीच तोडू नये, कारण तिच्या आडोशावरच पिलांचे रक्षण अवलंबून असते.

शास्त्रीय नावे संशोधनानुसार बदलतात आणि एका जातीच्या दोनही होतात. म्हणून मूळ फाइल, तारीख, जागा आणि अधिवास यांची नोंद एकत्र जपावी, आणि ती कोठे ठेवली आहे हे घरातल्या पुढच्या पिढीला सांगून ठेवावे. त्यांना त्याच छायाचित्रावरून ओळख पुन्हा तपासता येईल.