अनेबल, पण इनॅबिलिटी

नमस्कार श्रोतेहो.

दोन शब्द म्हणतो, कान देऊन ऐका. अनेबल. इनॅबिलिटी. पहिल्याचा अर्थ असमर्थ, दुसऱ्याचा असमर्थता. आपल्याकडे ‘असमर्थ’ला ‘ता’ लावला की काम झालं, पुढचा ‘अ’ जागचा हलत नाही. इंग्रजीत मात्र शब्दाच्या शेपटीला हात लावला आणि तोंडच बदललं. ‘अन्’ गेला, ‘इन्’ आला. एकच शब्द असा असता तर अपवाद म्हणून सोडून दिला असता. पण अनइक्वल आणि इनइक्वॉलिटी, अनस्टेबल आणि इन्स्टॅबिलिटी, अनजस्ट आणि इनजस्टिस, सगळ्यांची हीच तऱ्हा. पोरगं पेपरात बिनदिक्कत ‘अनेबिलिटी’ लिहून येतं, गुण जातो, आणि ‘इंग्रजीला काही नियमच नाही’ हे वाक्य घरात कायमचं मुक्कामाला येतं.

उपसर्ग-प्रत्ययांची यादी कुठल्याही गाईडमध्ये मिळते. री म्हणजे पुन्हा, प्री म्हणजे आधी, नेस लावला की भाववाचक नाम, ली लावला की बहुतेक वेळा क्रियाविशेषण. यादी जरूर पाठ करा. पण कुठला तुकडा कुठल्या शब्दाला चालतो हे यादी सांगत नाही. त्यासाठी तो तुकडा इंग्रजीत आला कुठून, ही चौकशी करावी लागते.

इंग्रजीचं मूळ घराणं जर्मनच्या नात्यातलं. अन्, मिस, नेस, फुल, लेस, हुड, शिप ही घरचीच मंडळी. १०६६ साली आजच्या फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि पुढे कित्येक पिढ्या दरबारात फ्रेंचचा अंमल राहिला. चर्चमध्ये आणि विद्वानांत लॅटिन होतीच. या दोघींबरोबर इन्, डिस, री, मेंट, शन, इटी, एबल आले. अँटी, लॉजी, इझम, इस्ट यांचं मूळ ग्रीक. म्हणजे इंग्रजी शब्दात तीन ठिकाणचं सामान आहे, आणि कोणाचं कोणाशी जमतं हे बरंचसं त्यावर ठरलेलं आहे.

आता आपल्या जोड्या पाहा. इनजस्टिस, इनइक्वॉलिटी, इन्स्टॅबिलिटी ही नामं फ्रेंचमधून जशीच्या तशी आली, ‘इन्’ लावलेलीच आली. इनॅबिलिटी त्यांच्याच पंगतीत बसली. विशेषणं रोजच्या तोंडची, त्यांना लोकांनी घरचा ‘अन्’ लावला. गंमत अशी की एकेकाळी इंग्रजीत इनइक्वल, इनजस्ट अशीही रूपं लिहिली जात. ती मागे पडली, अनइक्वल आणि अनजस्ट टिकले. नामं मात्र जुन्या वेषातच राहिली.

यातून हाताशी धरण्यासारखा एक अंदाज मिळतो. शब्दाच्या शेवटी ‘इटी’ किंवा ‘शन’ सारखा लॅटिन प्रत्यय असेल तर पुढे ‘इन्’ची शक्यता मोठी. शेवटी ‘एड’, ‘इंग’, ‘फुल’ असेल तर बहुतेक वेळा ‘अन्’. अनडिसायडेड, पण इनडिसिजन. ‘बहुतेक’ म्हणालो ते मुद्दाम, कारण इनएक्स्पीरियन्स्ड हा शब्द समोर उभा आहेच. पण डोळे झाकून ठोकून देण्यापेक्षा हा अंदाज केव्हाही बरा.

आणि हा ‘अन्’ आपल्याला परका मुळीच नाही. अशक्य, अयोग्य, अनावश्यक, अनादर यांतला अ आणि अन्, इंग्रजीचा अन्, लॅटिनचा इन्, ग्रीकचा अ किंवा अन् हे सगळे एकाच पुरातन मूळ शब्दाचे वंशज आहेत. संस्कृतात व्यंजनापुढे अ आणि स्वरापुढे अन् लागतो, ग्रीकमध्येही तसंच. अ‍ॅनॉनिमस हा शब्द घ्या. ग्रीकमध्ये ओनोमा म्हणजे नाव. ओनोमा आणि आपलं नाम हेसुद्धा एकमेकांचे भाऊबंद. तेव्हा अ‍ॅनॉनिमस आणि अनामिक हे शब्द हजारो मैलांवर, जवळजवळ त्याच सामानातून घडले.

लॅटिनचा ‘इन्’ तर संधीसुद्धा करतो. जरा मोठ्यानं म्हणून पाहा: इन्‌पॉसिबल. ‘प’साठी ओठ मिटायचेच असतात, ते आधीच मिटतात आणि ‘न’चा ‘म’ होतो. इम्पॉसिबल. तसंच लीगलच्या आधी इल्, रेग्युलरच्या आधी इर्. उत् अधिक लेख, उल्लेख. इन् अधिक लीगल, इल्लीगल. संधीचा धडा झालेल्या मुलाला इल, इर, इम हे तीन वेगळे उपसर्ग म्हणून पाठ करायला लावणं हा मला निव्वळ छळ वाटतो. उपसर्ग एकच आहे. घरचा अन् मात्र असली तडजोड करत नाही: अनपॉप्युलर, अनलॉफुल, अनरियल. जसाच्या तसा उभा.

‘अन्’चा एक जुळा आहे, त्याच्यापासून सावध राहायला हवं. अनलॉक, अनटाय, अनपॅक. इथे अन् म्हणजे ‘नाही’ नव्हे; केलेली गोष्ट उलटी करणं. हा क्रियापदांना लागतो आणि मुळातही पहिल्या अन्‌पेक्षा वेगळा आहे. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारनं टाळेबंदी उठवायला घेतली तेव्हा ‘अनलॉक वन’ हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला, आणि त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. आता याच अनलॉकला ‘एबल’ लावा. अनलॉकेबल. कुलूप उघडता येण्याजोगं, की कुलूप लावताच न येणारं? दोन्ही. आधी अनलॉक जोडून मग एबल लावलात तर पहिला अर्थ, आधी लॉकेबल करून मग अन् लावलात तर दुसरा. तुकडे तेच, जोडायचा क्रम वेगळा.

‘इन्’चीही अशी एक खोड आहे. महामार्गावर पेट्रोलच्या टँकरमागे ‘हायली इनफ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. इथला इन् नकाराचा नाही, ‘आत’ या अर्थाचा आहे, आणि शब्दाचा अर्थ चटकन पेट घेणारं. इनव्हिजिबल, इनकरेक्ट शिकून आलेल्या माणसानं याचा अर्थ ‘न पेटणारं’ असा लावला तर त्याचा काय दोष? अमेरिकेत याच धास्तीनं इन् काढून नुसतं फ्लेमेबल लिहिण्याचा आग्रह धरला गेला. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. टँकरपाशी असाल तर व्याकरणाचा विचार नंतर करा, विडी आधी विझवा.

संस्कृत शिकलेल्या श्रोत्यांना तो प्रसिद्ध श्लोक आठवत असेल. उपसर्ग धातूचा अर्थ जबरदस्तीनं दुसरीकडे खेचून नेतो, प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार या शब्दांसारखा. सगळ्यांत धातू ‘हृ’, नेणे. लॅटिनमध्ये ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणे. आत आणलं ते इम्पोर्ट, बाहेर नेलं ते एक्सपोर्ट, पलीकडे नेलं ते ट्रान्सपोर्ट, देशातून काढून दिलं ते डिपोर्ट, बातमी परत आणली तो रिपोर्ट, खालून उचलून धरलं तो सपोर्ट. मुलांना शब्द असे कुटुंबानं द्यावेत. यादीतला शब्द परीक्षा झाली की जातो, कुटुंबातला राहतो.

फुल आणि लेस यांच्याबद्दल थोडक्यात. या दोघांना विरुद्धार्थी जोडी म्हणून शिकवतात. होपफुल, होपलेस इथवर ठीक. पण हेल्पफुल म्हणजे मदत करणारा आणि हेल्पलेस म्हणजे असहाय; यात विरोध कुठे आहे? प्राइसलेस म्हणजे बिनकिमतीचं नव्हे, अनमोल. आणि रुथलेसमधला रुथ, म्हणजे दया, हा शब्द आज बोलण्यातून गेल्यात जमा आहे. लेस तेवढा उरला.

आता खास रेडिओवर सांगण्यासारखी गोष्ट, कारण ती कागदावर दिसतच नाही. प्रत्यय लागला की कधीकधी शब्दाचा आवाज बदलतो. इंग्रजीत प्रत्येक मोठ्या शब्दातल्या एका अवयवावर, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर, जोर पडतो. फोटोग्राफ म्हणताना जोर पहिल्या ‘फो’वर. फटॉग्रफी म्हणताना तो दुसऱ्यावर, ‘टॉ’वर, आणि ‘फो’चा पार ‘फ’ होऊन जातो. फोटोग्रॅफिक म्हटलं की जोर ‘ग्रॅ’वर. आपण मराठी माणसं तिन्ही शब्द एका पट्टीत म्हणतो, कारण मराठीत जोरानं अर्थाचं फारसं बिघडत नाही. म्हणून मग इंग्रजी बातम्या ऐकताना ओळखीचे शब्दही निसटतात.

यातही धरण्यासारखं सूत्र आहे. इक, इटी, शन हे प्रत्यय जोराला आपल्या अगदी अलीकडे ओढतात. अ‍ॅक्टिव्हमध्ये जोर ‘अ‍ॅक्’वर, अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये ‘टि’वर. इकॉनमी, इकनॉमिक. घरचे नेस, फुल, लेस, हुड मात्र कुणाला त्रास देत नाहीत: केअर, केअरफुल, केअरफुलनेस, जोर पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘केअर’वरच. व्यंजनंसुद्धा बदलतात. इलेक्ट्रिक, इलेक्ट्रिसिटी, इलेक्ट्रिशन. स्पेलिंगमध्ये तिन्हीकडे एकच ‘सी’, आणि उच्चार एकदा क, एकदा स, एकदा श. स्पेलिंग बदलत नाही म्हणून आपण कुरकुरतो खरे, पण त्यामुळेच डोळ्याला तिघांचं नातं कळतं.

स्पेलिंगचा विषय निघालाच आहे तर सांधा पाहायची सवय लावा. मिस आणि स्पेल, म्हणून मिसस्पेलमध्ये दोन ‘एस’. डिस आणि अपॉइंट, म्हणून डिसअपॉइंटमध्ये एकच ‘एस’. आपण सर्रास ‘गव्हर्मेंट’ म्हणतो आणि मग लिहिताना ‘एन’ खातो. तो गव्हर्नमधला ‘एन’ आहे, मेंट नंतर लागला. एन्व्हायर्नमेंटचंही तेच.

शब्द घडवायचे हे कारखाने अजून बंद पडलेले नाहीत. सायंटिस्ट हा शब्द विल्यम व्हेवेल या केंब्रिजच्या विद्वानानं १८३३-३४ च्या सुमारास, आर्टिस्टच्या धर्तीवर बनवला. तोपर्यंत न्यूटनसारख्या माणसालासुद्धा फिलॉसॉफर म्हणत. कधी तोडमोड चुकीच्या जागी होते आणि तीच रूढ होते. हॅम्बर्गर म्हणजे हॅम्बर्ग शहराचा. त्यात ‘हॅम’ वेगळा आहे असं समजून लोकांनी ‘बर्गर’ सुटा केला, आणि आता त्याला चीज लागतं, व्हेज लागतं, पनीरही लागतं. १९७२ सालच्या अमेरिकेतल्या राजकीय घोटाळ्याला वॉटरगेट म्हणतात; खरं तर वॉटरगेट हे वॉशिंग्टनमधल्या इमारतींचं नाव, पण ‘गेट’ हा घोटाळ्याचा प्रत्यय होऊन बसला. आपल्याकडे कोळसा खाणींच्या प्रकरणाला इंग्रजी वर्तमानपत्रांनी ‘कोलगेट’ म्हटलं तेव्हा टूथपेस्ट आठवली नाही असा वाचक विरळा.

आपणही मागे नाही. पोस्टपोन आहे तर प्रीपोन का नसावा, असं म्हणून भारतीयांनी तो शब्द रुळवला, आणि ऑक्सफर्डच्या कोशातही त्याला जागा मिळाली. घडण अगदी नियमात बसणारी. बँकेच्या फलकावरचं ‘केवायसी अपडेशन’ मात्र मला खटकतं. क्रिएटचं क्रिएशन होतं कारण तिथे क्रियापद लॅटिनच्या ‘एट’ प्रत्ययाचं आहे. अपडेटमधला ‘एट’ हा डेट या शब्दाचाच भाग, आणि अपडेट हा शब्द नाम म्हणूनही चालतो. तरी आपल्या बँकेत अपडेशन म्हणा, कारकुनाला बरोबर कळेल. परदेशातल्या विद्यापीठाला पत्र लिहिताना मात्र अपडेट लिहा, आणि मुलाखत आधी घ्यायची विनंती असेल तर प्रीपोनऐवजी ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहा. नमस्कार.