नव्या स्विमिंग पूलच्या प्लास्टरवर डाग? ॲसिडचा कॅन आधी बाजूला ठेवा

नमस्कार मंडळी. पांढरंशुभ्र प्लास्टर करून घेतलंत, पूल भरला, आणि आठवड्याभरात तळाला डाग दिसायला लागले. कुठे करडे, कुठे पिवळट, एखाद्या कोपऱ्यात निळसर. पूलवाल्याला फोन केला की तो म्हणतो, "काय नाय साहेब, ॲसिड मारतो, उद्या चकाचक." त्याला सांगा, थांब जरा.

पूलचं प्लास्टर म्हणजे पांढरं सिमेंट आणि संगमरवराची पूड किंवा बारीक खडी. ॲसिड दोन्ही खातं. डाग जातो कारण डागाखालचं प्लास्टरच जातं. वरची घोटून गुळगुळीत केलेली कातडी निघाली की पृष्ठभाग खरखरीत होतो, आणि त्या बारीक छिद्रांत पुढचा डाग जास्त घट्ट बसतो. त्यातून नवं प्लास्टर अजून कच्चं असतं. सिमेंटची मुख्य ताकद यायला 28 दिवस लागतात, पाण्याखालीही. या महिन्यात ॲसिडने तळ धुणं नाही, चाकांचा व्हॅक्यूम नाही, सॉल्ट क्लोरिनेटर (मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र) असेल तर पाण्यात मीठही नाही.

मग करायचं काय? आधी डाग कसला आहे ते ओळखायचं.

सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते करड्या, अस्पष्ट पट्ट्यांबद्दल. (स्क्रीनवर फोटो) हे बघा. याला कडा नाहीत, हाताला काही लागत नाही, ब्रशने हलत नाही. हा बाहेरून आलेला डागच नव्हे. प्लास्टर सगळीकडे सारख्या वेगाने पक्कं होत नाही. कुठे गवंड्याने थापी जास्त वेळ फिरवली, कुठे माल सुकल्यावर पाणी शिंपडून घोटला, तिथे रंग वेगळा दिसतो. यातलं बरंचसं काही महिन्यांत आपोआप फिकं होतं. एक कारण मात्र कंत्राटदार स्वतःहून सांगत नाहीत. माल लवकर सेट व्हावा म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड टाकतात. त्याने सिमेंट काळपट पडतं, आणि एक घमेलं जास्त, एक कमी पडलं की पट्टेच पट्टे. सिमेंटच्या वजनाच्या 2 टक्के ही त्याची वरची मर्यादा धरतात. माझं मत विचाराल तर पांढऱ्या प्लास्टरमध्ये ते टाकूच नये. कोटेशनमध्येच तसं लिहून घ्या.

आता कडा असलेले, रंग असलेले डाग. यांच्यासाठी घरच्या घरी दोन चाचण्या आहेत. केमिस्टकडून व्हिटॅमिन सीची साधी पांढरी पावडर आणा. चघळायच्या केशरी गोळ्या नकोत, त्यांचाच रंग लागेल. पावडर पातळ कपड्यात बांधून डागावर अर्धा मिनिट दाबून धरा. डाग फिका झाला तर तो लोखंडाचा, क्वचित दुसऱ्या धातूचा. काहीच झालं नाही तर दुसऱ्या दिवशी, वेगळ्या कपड्यात, क्लोरीनची दाणेदार पावडर घेऊन तेच करा. हातात ग्लोव्हज हवेतच. रंगीत प्लास्टरवर हे करू नका, रंग उडेल. क्लोरीनने डाग गेला तर तो पानाफुलांचा, शेवाळाचा. आणि कृपा करून या दोन पावडरी कोरड्या एकत्र आणू नका. व्हिटॅमिन सी हेही ॲसिडच, आणि क्लोरीनजवळ कुठलंच ॲसिड येता कामा नये, विषारी वायू सुटतो.

आपल्याकडे पिवळट-तांबूस डागांचं मूळ बहुतेक वेळा बोअरमध्ये असतं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, या पट्ट्यात जांभा आहे, आणि जांभ्याचा तो लाल रंगच मुळी लोखंडाचा. पाणी बोअरमधून येतं तेव्हा काचेसारखं स्वच्छ दिसतं, कारण लोखंड विरघळलेलं असतं. हवा लागली, क्लोरीन पडलं, की त्याचा गंज होतो आणि तो थेट नव्या प्लास्टरवर बसतो. लिटरमागे 0.3 मिलिग्रॅमच्या वर लोखंड असलं तर कपड्यांवरसुद्धा डाग पडतात, मग पांढऱ्या प्लास्टरची काय कथा. म्हणून पूल भरण्याआधी पाणी तपासून घ्या. खर्च प्लास्टरच्या बिलापुढे काहीच नाही.

डाग पडून गेले असतील तर महिना होऊ द्या. मग क्लोरीन जवळपास शून्यावर येऊ द्यायचं, नाहीतर व्हिटॅमिन सी क्लोरीनशी लढण्यातच संपतं. साधारण 40 हजार लिटरमागे अर्धा किलो पावडर तळाच्या डागांवर पसरून टाकायची आणि पंप चालू ठेवायचा. त्या काळात शेवाळ धरू नये म्हणून तांबं नसलेलं शेवाळनाशक वापरा. डाग सुटला म्हणजे लोखंड गेलं असं नाही, ते पाण्यात परत विरघळलंय. ते धरून ठेवणारं मेटल सिक्वेस्ट्रंट टाका, खाली गेलेला पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्लधर्मी) वर आणा, आणि क्लोरीन हळूहळू वाढवा. एकदम शॉक, म्हणजे क्लोरीनचा मोठा डोस, दिलात तर दोन दिवसांत डाग जागेवर हजर.

निळसर-हिरवट डाग तांब्याचा. कोणीतरी शेवाळासाठी मोरचूद टाकलेलं असतं, किंवा आम्लधर्मी पाण्याने हीटरची तांब्याची नळी खाल्लेली असते. हा हट्टी असतो, व्हिटॅमिन सीने कधी हलतो, कधी नाही. जांभळट-काळा दिसला तर मँगॅनीजचा संशय घ्या. पण आधी वर बघा, पूलवर जांभळाचं झाड तर नाही ना! सागाची पानंही तळाला पडून राहिली की लालसर छाप सोडतात. हे डाग क्लोरीन आणि ब्रशने जातात.

आणि एकच टिंब, नाण्याएवढं, गंजाचं, पुन्हा पुन्हा येणारं? तो साइटवर पडलेला बांधणीच्या तारेचा तुकडा आहे, प्लास्टरमध्ये अडकलेला. कुठलंही केमिकल इथे चालणार नाही. तेवढी जागा टाचून तुकडा काढायचा आणि पॅच मारायचा. टिंबं एका रेषेत येत असतील तर आतली सळई गंजतेय, मग कंत्राटदाराला बोलवाच.

आता टँकर. साठ हजार लिटरचा पूल, दहा हजारांचे सहा टँकर, आणि तिसऱ्यानंतर ड्रायव्हर म्हणतो, "उरलेलं उद्या सकाळी." रात्रभर पाणी एका पातळीवर थांबतं आणि भिंतीवर गोल रेघ उमटते, ती सहसा जात नाही. सगळे टँकर आधी ठरवा, सलग भरा. पाइपचं तोंड सर्वांत खोल जागी, जुन्या सुती टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा. गोणपाट नको, ओल्या तागाचा रंग सुटतो. भरल्यावर पहिले दोन आठवडे रोज दोन वेळा नायलॉन ब्रश मारा. सिमेंटमधून चुना सुटून पाण्यात येतो, पीएच आठच्या वर पळतो आणि तळाला पांढरी पूड बसते. ती वेळेत ब्रशने उठवून फिल्टरमध्ये गेली पाहिजे. पीएच 7.2 ते 7.6 मध्ये ठेवा. त्यासाठी लागणारं ॲसिड पाण्यात पातळ करून, थोडं थोडं, पंप चालू असताना. ते पाण्यासाठी आहे, तळ धुवायला नाही. क्लोरीनच्या गोळ्या तळाला टाकायच्या नाहीत. त्या आम्लधर्मी असतात, गोळीच्या आकाराचा खड्डा पडतो.

लोणावळा, कर्जतवाल्यांसाठी एक जादा गोष्ट. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम जवळपास नसतं. पावसाळ्यात पूल ओसंडून वाहतो, मूळचं पाणी निघून जातं, आणि उरलेलं पाणी आपली कॅल्शियमची भूक प्लास्टरवर भागवतं. अमेरिकेत विल्फ्रेड लँगेलियर या प्राध्यापकाने 1936 साली शहरांच्या नळांसाठी याचा हिशेब मांडला, तोच आज पूलवाले वापरतात. तुम्हाला आकडेमोड नको असेल तर एवढं पाहा: कॅल्शियम हार्डनेस, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियमचं प्रमाण, 200 पीपीएमच्या (लिटरमागे 200 मिलिग्रॅम) खाली जाऊ देऊ नका. कमी झाला तर पाण्यात कॅल्शियम क्लोराइड टाकतात. हो, तेच मघाचं. पाण्यात चालतं, मालात नको.

कमेंटमध्ये डागाचा फोटो टाकताना सोबत लिहा: प्लास्टर कधी झालं, पाणी बोअरचं की टँकरचं, आज पीएच किती. नुसत्या फोटोवरून मी उत्तर देणार नाही.