डार्टमूर: गडग्याच्या आतलं गाव

वारा ऐकू येतोय ना? माइकला फरचं कव्हर लावलंय तरी ही तऱ्हा. इंग्लंडमधल्या डेव्हनमध्ये, डार्टमूरवर आहोत. मूर म्हणजे आपला कोकणातला सडाच समजा, फक्त जांभ्याच्या जागी ग्रॅनाइट आणि पायाखाली काळं, ओलंचिंब पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, पाऊल चुकलं की बूट आत.

गाइडच्या मागनं धापा टाकत चढलो आणि समोर हे ग्रिम्सपाउंड. दगडांचा एक भलामोठा गोल गडगा, आत २४ गोल घरांची जोती, कांस्ययुगातली, ३००० वर्षांहून जुनी. सह्याद्रीत भटकलेला माणूस पहिलं काय विचारणार? किल्ला आहे का हो हा? गाइडबाई हसल्या, म्हणाल्या दरवाजा कुठे उघडतो ते बघा. तर तो उघडतो डोंगराच्या चढाकडे! म्हणजे वर उभं राहून कोणीही आख्खं गाव मोजून घ्यावं. असला किल्ला बांधणाऱ्याचं आपल्याकडे काय झालं असतं सांगायला नको. हा गडगा बहुतेक गुरांसाठी. शेजारनं ओढा वाहतो, पाण्याची सोय झाली.

आता या एका घराशी बसू. दाराला दोन्ही बाजूंना उभे दगड, आणि दारापुढे आडोशाला वळवलेली छोटी भिंत. १८९४ साली इथे खोदकाम झालं तेव्हा जमिनीत चुली सापडल्या, कोळसा सापडला, हाडं मात्र नाहीत, कारण इथली आम्लयुक्त माती हाडं खाऊन टाकते. त्याच लोकांनी काही जोती परत रचली, त्यामुळे दिसतंय ते सगळंच जसंच्या तसं नाही हां.

पीटचं मात्र उलटं, ते वस्तू टिकवून ठेवतं. मूरच्या उत्तर भागात व्हाइटहॉर्स हिल आहे, तिथली एक दगडी पेटी २०११ मध्ये उघडली, आत अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेल्या अस्थी, विणलेली टोपली, अंबरचे मणी आणि एक कथलाचा मणी. टोपली! एवढ्या वर्षांनी! मला तर सोन्यापेक्षा तीच भारी वाटली.

इकडे धुकं उतरायला लागलंय, हूकनी टॉर, म्हणजे समोरचा खडकाळ माथा, दिसेनासा झाला. मी त्या जोत्यात भिंतीला टेकून खाली बसलो, थर्मासमधला चहा ओतला, आणि ऐका, माइक तोच आहे, वारा गेला.