अंगणवाडीच्या कार्डावरची रेघ

(दृश्य: तुळईला टांगलेला वजनकाटा, रिकामी झोळी)

आधी रिकामी झोळी अडकवायची, काटा शून्यावर आणायचा, मगच बाळाला आत ठेवायचं. झबलं काढलेलं, पायातले वाळेसुद्धा. बाळ हातपाय झाडतंय तोवर काटा थरथरत राहतो. सेविकाताई घाई करत नाहीत. काटा डोळ्यांच्या रेषेत आणूनच वाचतात. साडेसहा किलो.

(दृश्य: कार्ड जवळून, पेनाचं टोक)

हे माता बाल संरक्षण कार्ड. मुलींचा आलेख गुलाबी, मुलांचा निळा. आडव्या अक्षावर वय महिन्यांत, उभ्या अक्षावर वजन किलोत. अक्षाखालच्या पहिल्या चौकोनात जन्माचा महिना लिहायचा आणि पुढचे महिने ओळीने भरत जायचे. ही मुलगी डिसेंबरची. सप्टेंबरच्या चौकोनावर ताईंचं बोट थांबतं, म्हणजे नऊ महिने पूर्ण. तिथून सरळ वर, साडेसहाच्या रेघेपर्यंत. ठिपका पडतो: (९, ६.५).

शाळेत आपण क्रमित जोडी शिकतो, ती हीच. आकडे उलटे धरले तर साडेसहा महिन्यांची, नऊ किलोची गुटगुटीत मुलगी कागदावर दिसेल, आणि खरी मुलगी नजरेतून सुटेल.

(दृश्य: ठिपके जोडणारी रेघ)

आता मागचे ठिपके बघा. सहाव्या महिन्यात ६.४, सातव्यात ६.६, आठव्यातही ६.६, आणि आज ६.५. चारही हिरव्या, म्हणजे वयाला साजेशा वजनाच्या पट्ट्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली दिलेल्या मानकांनुसार नऊ महिन्यांच्या मुलीचं मध्यक वजन (निम्म्या मुली याच्या वर, निम्म्या खाली) ८.२ किलो आहे. हिरवा पट्टा जिथे संपतो ती कड ६.५ किलोवर. आपली मुलगी नेमकी त्या कडेवर आहे. आणि ही कड एका जागी थांबत नाही. दहाव्या महिन्यात ती ६.७ वर चढते. वजन आहे तेवढंच राहिलं, तरी ठिपका पिवळ्यात, म्हणजे कमी वजनाच्या पट्ट्यात जाणार.

म्हणून नुसता रंग पाहून भागत नाही, रेघेची दिशा पाहावी लागते. रेघ आडवी पडली की तिथेच थांबून विचारायचं.

(दृश्य: ताई कार्ड आईकडे वळवतात)

ताईंचं बोट जुलै आणि ऑगस्टच्या मधोमध. "इथं काय झालं होतं गं?" आई क्षणभर आठवून पाहते. जुलैचं वजन झाल्यावर आठवडाभर जुलाब लागले होते. त्यानंतर बाळ वरचं खाईना, नुसतं अंगावर पीत होतं.

२०२१पासून हे वजन मोबाइलवर पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्येही भरलं जातं, आणि तो आकडा वरपर्यंत पोचतो. ते हवंच. पण कार्ड आईच्या पिशवीतून घरी जातं. रेघ तिला वाचता आली, तर पुढच्या वजनाची वाट न पाहता ती अंगणवाडीत येते. हा कागद आणि तो समजावून सांगायला लागणारा वेळ, दोन्ही ताईंच्या हातात राहिलेच पाहिजेत.

(दृश्य: दंडाचा घेर मोजणारी पट्टी, उंचीची फळी)

मूल अतितीव्र कुपोषित आहे का, ते दुसऱ्या आलेखावर ठरतं. तिथे आडव्या अक्षावर वय नसून उंची असते. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, तरी तेच निदान. मग आरोग्य केंद्र, तपासणी, उपचार.

या मुलीला आज घट्ट वरण-भातावर तेलाची धार, दिवसातून थोडं थोडं पण जास्त वेळा, आणि उद्या डॉक्टरांकडे. ऑक्टोबरचा चौकोन अजून रिकामा आहे, त्यातला ठिपका ६.७च्या वर पडायला हवा.