‘चालायलाच हवं’ आणि ‘चालतं’ यांच्यामध्ये: सिस्टीम रिक्वायरमेंट्स कशा तपासाव्यात

मंडळी, ‘आय फाइव्ह आहे, आठ जीबी रॅम आहे, मग चालायलाच हवं,’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. त्यातला ‘मग’ मात्र घाईचा आहे. सिस्टीम रिक्वायरमेंट्सची यादी, म्हणजे एखादा प्रोग्रॅम चालायला यंत्रात काय काय हवं त्याची यादी, ही परीक्षेतल्या गुणांची बेरीज नव्हे. रॅम दुप्पट आहे म्हणून कमी पडलेला ग्राफिक्स चिप पास होत नाही. प्रत्येक ओळ स्वतंत्र अट असते आणि एक ओळ अडली की सगळं अडतं. म्हणून यादी हातात घ्यायची आणि प्रत्येक ओळीसमोर यंत्र स्वतःबद्दल काय सांगतं ते लिहायचं. खोक्यावरचा स्टिकर काय म्हणतो, ते सोडून द्यायचं.

विंडोज ११चंच उदाहरण घेऊ, कारण विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि हा प्रश्न घरोघरी आला. यादी छोटी आहे: १ गिगाहर्ट्झ, दोन कोअर, ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूट (फक्त खात्रीचीच प्रणाली सुरू होऊ देणं) करू शकणारं यूईएफआय (यंत्र सुरू करणारी, बायॉसची नवी पद्धत), टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा-सोय), डायरेक्टएक्स १२ला (विंडोजची ग्राफिक्स हाताळणारी व्यवस्था) चालणारं ग्राफिक्स. आता आय५-७२००यू हा प्रोसेसर बघा. दोन कोअर आहेत, वेग अडीच गिगाहर्ट्झ आहे, ६४-बिट आहे. तरीही नापास, कारण मायक्रोसॉफ्टने मान्य प्रोसेसरची वेगळी यादी दिली आहे आणि त्यात हा नाही. आय५-८२५०यू मात्र आहे. दोघेही ‘आय फाइव्ह’च. म्हणून नावापुढचा पूर्ण क्रमांक उतरवून घ्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेलं की तो वरच लिहिलेला दिसतो.

प्रोसेसरची आणखी एक बाजू वेगाच्या आकड्यात कधीच दिसत नाही, ती म्हणजे तो कोणत्या सूचना समजतो. मोंगोडीबी या डेटाबेसच्या ५.० आवृत्तीपासून इंटेल-एएमडी यंत्रांवर एव्हीएक्स नावाच्या सूचना लागतात. त्या नसतील तर प्रोग्रॅम हळू चालत नाही, ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून तिथेच कोसळतो. अनेक पेंटियम आणि सेलेरॉन चिपमध्ये त्या नसतात. लिनक्सवर एलएससीपीयू ही आज्ञा द्या आणि फ्लॅग्जच्या ओळीत एव्हीएक्स शोधा.

टीपीएमसाठी विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘टीपीएम डॉट एमएससी’ चालवा. स्पेसिफिकेशन व्हर्जनपुढे २.० हवं. ‘सापडला नाही’ असं आलं तरी लगेच निराश होऊ नका. पुष्कळ यंत्रांत तो असतो, फक्त बंद ठेवलेला असतो. बायॉसमध्ये (यंत्र सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) इंटेलकडे तो पीटीटी या नावाने, तर एएमडीकडे एफटीपीएम या नावाने सापडतो. एक सांगणं कळकळीचं आहे: बायॉसला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बायॉसची सेटिंग बदलल्यावर यंत्र ती मागू शकतं आणि ती नसेल तर डेटा तुमचाच असून तुम्हाला मिळत नाही.

त्याच चौकटीत ‘एमएसइन्फो३२’ चालवलं की बायॉस मोड दिसतो. तिथे ‘लेगसी’ (जुनी पद्धत) असेल तर डिस्क बहुधा एमबीआर या जुन्या विभागणीची असते. नुसता मोड बदलून यूईएफआय केला तर विंडोज उठतच नाही. आधी बॅकअप घ्यायचा, एमबीआर२जीपीटी हे साधन ‘व्हॅलिडेट’ पर्यायासह चालवून बघायचं, ते हो म्हणालं तरच डिस्क जीपीटी या नव्या विभागणीत रूपांतरित करायची आणि मगच मोड बदलायचा.

सर्वांत जास्त फसगत ग्राफिक्समध्ये होते. त्याच चौकटीत ‘डीएक्सडायग’ चालवल्यावर पहिल्याच पानावर ‘डायरेक्टएक्स १२’ दिसतं आणि माणूस खूश होतो. ती ओळ विंडोजमधल्या डायरेक्टएक्सची आहे, तुमच्या कार्डाची नव्हे. डिस्प्ले या टॅबवर जा आणि ‘फीचर लेव्हल्स’, म्हणजे कार्डाला कुठपर्यंत जमतं ते, वाचा. तिथे सर्वांत मोठा आकडा ११_० असेल, तर १२_० मागणारा प्रोग्रॅम चालणार नाही. त्याच पानावर मेमरीचे तीन आकडे असतात. ‘अप्रॉक्स टोटल मेमरी’ मोठा असतो, कारण त्यात रॅममधून उसना घेतलेला भाग मिळवलेला असतो. प्रोग्रॅम ४ जीबी व्हीरॅम (ग्राफिक्सची स्वतःची मेमरी) मागत असेल तर ‘डिस्प्ले मेमरी’पुढचा आकडा बघा. आणि कार्डाच्या नावाच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॅप्टर’ असेल तर तपासणी तिथेच थांबवा. कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हरच, बसलेला नाही. तो बसवून पुन्हा बघा.

रॅममध्ये ‘८ जीबी, त्यातील ७.८ वापरण्याजोगी’ असं दिसलं तर घाबरू नका. थोडा भाग हार्डवेअर राखून ठेवतं. पण ४ जीबी बसवलेल्या यंत्रात सव्वातीनच्या आसपास दिसत असेल तर विंडोज ३२-बिट आहे का ते पाहा. प्रोसेसर ६४-बिट असूनही असं होतं. रॅम वाढवायची असेल तर टास्क मॅनेजर ‘स्लॉट्स यूज्ड’मध्ये किती खाचा भरल्या आहेत ते सांगतो. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर पक्की बसवलेली असू शकते, तेव्हा मॉडेलची पुस्तिका आधी वाचावी.

२५६ जीबीची डिस्क विंडोजमध्ये २३८ दिसते. यात कुणी चोरी केलेली नाही. बनवणारा अब्जाने मोजतो आणि विंडोज १०२४च्या पटीने मोजतं. खरी अडचण मोकळ्या जागेची असते. प्रोग्रॅम डी ड्राइव्हवर टाकला तरी बरेच इन्स्टॉलर आपल्या फाइली आधी सी ड्राइव्हवरच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडतात, म्हणून सीवर जागा नसेल तर मध्येच त्रुटी येते. मागणी २० जीबीची असेल तर ४० तरी मोकळी ठेवावी, असं माझं मत आहे.

मॅकवर ‘अबाउट धिस मॅक’मध्ये पहिल्यांदा चिप पाहा. इंटेलसाठी लिहिलेला प्रोग्रॅम अॅपलच्या चिपवर रोझेटा २ या अॅपलच्या भाषांतर करणाऱ्या सोयीमुळे चालू शकतो, उलट मात्र नाही.

यादीत ‘मिनिमम’ आणि ‘रेकमेंडेड’ असे दोन रकाने असतील तर रोजच्या कामासाठी दुसराच वाचावा. मिनिमम म्हणजे प्रोग्रॅम उघडेल. त्याच वेळी ब्राउझरचे वीस टॅब चालतील, असं त्यात कुणी कबूल केलेलं नसतं. यंत्र विकत घ्यायच्या आधी तपासत असाल तर डीएक्सडायगमधलं ‘सेव्ह ऑल इन्फर्मेशन’ दाबा. एक साधी मजकुराची फाइल तयार होते. ती यादीशेजारी उघडून ठेवा आणि एकेक ओळ बोट ठेवून जुळवा.