पाऊण तास युक्लिड

रोम, फेब्रुवारी १५५१. एका घराच्या दारावर पाटी लागते: व्याकरण, मानव्यविद्या आणि ख्रिस्ती धर्मशिक्षणाची शाळा, विनामूल्य.

पाटीवर गणिताचं नाव नाही.

जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाची ही शाळा पुढे कोलेजिओ रोमानो म्हणून नावारूपाला आली. तिथे ख्रिस्तोफर क्लाव्हियस जवळजवळ हयातभर गणित शिकवत राहिले. तत्त्वज्ञानाचे काही अध्यापक वर्गातच गणिताला कमी लेखतात, मग मुलं कशाला मन लावतील, हे क्लाव्हियस यांचं दुखणं. अ‍ॅरिस्टॉटल शिकवायचा तर त्यातली गणिती उदाहरणं कळायला नकोत का? गणिताच्या अध्यापकालाही वादसभेचं आमंत्रण हवं, बाकीच्यांइतकाच मान हवा, असं त्यांनी लिहून मागितलं.

खरं तर चर्चचा सर्वांत मोठा सणच गणितावर उभा होता. वसंतसंपात, म्हणजे मार्चमधला दिवस-रात्र समान असण्याचा दिवस; त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार म्हणजे ईस्टर. जुन्या कॅलेंडरचं वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी लांब होतं. ती मिनिटं साचत गेली आणि संपात २१ मार्चवरून ११ मार्चवर सरकला. म्हणून १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरच्या गुरुवारी रात्री झोपलेलं रोम उठलं ते शुक्रवारी, १५ ऑक्टोबरला. या नव्या कॅलेंडरचा मूळ आराखडा लिलियस या वैद्याचा; टीकाकारांना उत्तरं देत तो उभा ठेवला क्लाव्हियस यांनी.

१५९९ च्या जेझुइट अभ्यासक्रमात गणिताला जागा मिळाली: भौतिकीच्या विद्यार्थ्यांना पाऊण तास युक्लिड, म्हणजे या प्राचीन ग्रीक गणितज्ञाचा भूमितीचा ग्रंथ. त्यातलं एक कलम मला फार मोलाचं वाटतं. महिन्या-दोन महिन्यांतून एका विद्यार्थ्याने, तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकणाऱ्यांच्या भरल्या सभेत, एखादा प्रसिद्ध गणिती प्रश्न सोडवून दाखवायचा. उद्याचे धर्मोपदेशक समोर बसलेत, आणि एक मुलगा त्रिकोण काढतोय.

क्लाव्हियस यांचे एक शिष्य मात्तेओ रिच्ची १५७८ मध्ये आपल्या गोव्यात उतरले. इथे त्यांनी भाषा शिकवल्या. पुढे चीन. बीजिंगमध्ये रिच्ची युक्लिड तोंडी समजावत आणि बाप्तिस्मा घेतलेले विद्वान शू ग्वांगछी तो चिनीत उतरवत. आधाराला गुरूंचीच आवृत्ती. लॅटिनमध्ये 'क्लाव्हुस' म्हणजे खिळा, म्हणून चिनी पुस्तकात गुरुजी झाले 'दिंग', खिळाच. भूमितीसाठी तेव्हा वापरलेला 'जिहे' हा शब्द चीनमध्ये आजही चालतो.

१६०७ मध्ये युक्लिडचे पहिले सहा खंड चिनीत छापले गेले. शू यांना पुढेही जायचं होतं, रिच्ची थांबले. उरलेले खंड चिनीत यायला १८५७ साल उजाडलं.