कशावरून?

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं, की नाशिककर एकमेकांना हमखास विचारतात, 'मारुतीला पाणी कुठवर लागलं?' गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती ही आपली पूर मोजायची पट्टीच. वर्गात एखादा मुलगा म्हणाला, 'काल मोठा पूर होता', तर ते झालं त्याचं म्हणणं. 'मारुतीच्या छातीपर्यंत पाणी होतं', हा पुरावा. पण छातीला पाणी म्हणजे पूर मोठा, हे कशावरून? मूर्ती जागची हलत नाही, तिची उंची बदलत नाही, आणि गुडघ्याला, कमरेला लागलेलं पाणी गावानं वर्षानुवर्षं पाहिलंय, म्हणून. पुराव्याला म्हणण्याशी जोडणारं हे कारण. शाळेत आपण मुलांकडून म्हणणं घेतो, फार तर पुरावा घेतो. कारण मात्र मागतच नाही.

मी इतिहास शिकवते. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं पश्चिम भारतात राज्य करणाऱ्या क्षत्रप नहपानाचा पराभव केला, हे मुलं घडाघडा सांगतात. कशावरून, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: 'पुस्तकात आहे, बाई.' आता पुस्तक हाही आधारच आहे, त्याला नाकं मुरडायचं कारण नाही. पण पुस्तक लिहिणाऱ्याला कुठून कळलं, हे शोधायला नाशिकच्या मुलांना लांब जावं लागत नाही.

१९०६ साली सिन्नर तालुक्यात, गोदावरी आणि दारणेच्या संगमाजवळ जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३ हजारांहून अधिक नाणी, सगळी नहपानाची. त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा पुन्हा उमटवलेला. ठसा इतका घाईनं मारलेला की खालचा नहपानाचा चेहरा काही नाण्यांवर अजून डोकावतो. अशा नाण्याचं मोठं केलेलं चित्र मुलांपुढे ठेवावं आणि गप्प बसावं. आपण शिक्षकांना हे गप्प बसणंच फार जड जातं!

'म्हणजे हरवलं!' कुणीतरी ओरडतं. लगेच दुसरी म्हणते, 'कशावरून? नाणी व्यापारातूनही आली असतील.' शंका रास्त आहे, तिला दाबू नये. व्यापारात आलेलं नाणं माणूस खर्च करतो. हजारोंनी नाणी गोळा करून त्यांवर आपला शिक्का मारणं हे राजसत्तेचं काम. हे मुलांना सुचू द्यावं. वेळ लागतो, तास संपतो, लागू द्यावा.

मग पांडवलेण्यांवर जावं. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी कोरलेला. त्यात तिनं आपल्या मुलाला क्षहरात वंशाचा निःपात करणारा म्हटलंय, आणि नहपान क्षहरातच. झाला की भक्कम पुरावा! पण मुलांना विचारा, सांगणारी कोण? 'आई.' मग? 'आई कौतुक करणारच ना!' बारा वर्षांच्या पोरानं हे म्हटलं, की समजावं शिकवणं लागू पडलं.

याच लेण्यात खुद्द गौतमीपुत्राची आज्ञा कोरलेली आहे. उषवदाताच्या ताब्यात असलेली शेतजमीन तो डोंगरावरच्या भिक्षूंना देतोय. उषवदात म्हणजे नहपानाचा जावई. जावयाची जमीन परस्पर वाटायला मिळाली, ती कशी? नाणी एकीकडे सापडली, आईची स्तुती वेगळ्या काळातली, जमिनीची आज्ञा कोरडी सरकारी. तिघांना एकमेकांशी संगनमत करायचं कारण नाही, आणि तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. एकट्या लेखावर सोडलेला दावा डळमळतो, हा असा उभा राहतो.

जाता जाता: लेणी पांडवांनी खोदली, असंही मुलं सांगतात. तिथे हसू नये. तिथल्याच लेखांत दान कुणी दिलं आणि ते बौद्ध भिक्षूंसाठी होतं, हे लिहिलेलं आहे. ते दाखवावं आणि पुढे जावं.

पालकहो, घरची अडचण वेगळी. 'कशावरून?' म्हटलं की आपल्याकडे तो उद्धटपणा ठरतो. 'मोठ्यांना उलट विचारतोस?' मग तोच मुलगा मोबाईलवर आलेला कुठलाही निरोप निमूट पुढे पाठवतो आणि आपण कपाळाला हात लावतो. एखाद्या संध्याकाळी आपणच त्याला आपलं म्हणणं कारणासह सांगावं: सहलीला जाऊ नकोस, कारण हे, आणि त्याला आधार हा. त्यानं तो खोडून काढला तर मान्य करावं.

शिक्षकमित्रांना एवढंच सांगेन, की चाचणीत पाच गुणांचा प्रश्न असेल, तर उत्तराला एक गुण ठेवा, पुराव्याला दोन आणि 'म्हणून' जोडून दाखवण्याला दोन. उत्तर आपल्या मताविरुद्ध असलं तरी ते चार गुण कापू नका. मुलं ते पहिल्या चाचणीतच ओळखतात.

नमस्कार.